हत्तीच्या पोटातून खिशात

दुबईच्या इब्न बतूता मॉलमध्ये, भारताच्या नावाच्या दालनात, एक भलामोठा हत्ती उभा आहे. यंत्रकार अल-जझरीने १२०६ च्या ग्रंथात वर्णिलेल्या हत्ती-घड्याळाची ही प्रतिकृती. मूळ रचनेत हत्तीच्या पोटात पाणी आणि त्यावर तळाला भोक असलेलं पात्र. ते अर्ध्या तासात भरून बुडतं, बुडताना दोऱ्या ओढतं आणि वरचे पक्षी, नाग, माहूत हलू लागतात. लग्नघरी घटिकापात्र पाहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. आपलं पात्र चोवीस मिनिटांत बुडतं, एवढाच फरक.

असं घड्याळ चालू ठेवून कुठे नेता येत नाही. युरोपातली वजनांवर चालणारी घड्याळंही मनोऱ्याला नाहीतर भिंतीला बांधलेली. अंगावर वागवायचं तर ताकद गुंडाळून आतच ठेवायला हवी. ते स्प्रिंगने साधलं. श्रेय सहसा न्युरेंबर्गच्या पेटर हेनलाइनला देतात, ते जरा सढळ हातानेच. स्प्रिंगची टेबलावरची घड्याळं पंधराव्या शतकातच होती. पण कुलपं बनवणारा हा कारागीर लोखंडाची इतकी छोटी घड्याळं करी, की ती थैलीत पडूनही चाळीस तास चालत आणि टोले देत, असं समकालीन विद्वान कॉक्लेउसने १५१२ च्या सुमारास नोंदवलं.

खरी पंचाईत पुढेच. चावी ताजी असताना स्प्रिंग जोरात ओढते, सुटत गेली की ढिली पडते. आत डुलत गती राखणाऱ्या आडव्या दांडीला स्वतःची लय नाही. जोर जास्त, तर ती भरभर डुलते. जर्मन कारागिरांचा तोडगा दांडगाईचा होता. दुसऱ्या दणकट स्प्रिंगच्या टोकाला चाकी बसवायची आणि ती एका वेड्यावाकड्या कडेच्या चकतीवर दाबून धरायची. सुरुवातीला ती मुख्य स्प्रिंगला अडवते, जोर ओसरला की हात देते. घर्षणात मात्र बरीच ताकद फुकट जाते. शंकूवर तात गुंडाळून जोर सारखा करणारी फ्यूझी अधिक शहाणी, पण तिने घड्याळ जाड होतं. वेग जुळवायला तर चक्क डुकराचे राठ केस! दांडी त्यांच्यावर आपटून परत फिरे. केस सरकवले की झोका लहानमोठा होई.

बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात जर्मन धर्मसुधारक फिलिप मेलांख्थॉनचं १५३० सालचं घड्याळ आहे. त्याला तासकाटा तेवढा आहे. चालच इतकी अनियमित, तर मिनिटं दाखवून करायचं काय? डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६७५ मध्ये दांडीच्या जागी आलेल्या तोलचक्राला बारीक सर्पिल स्प्रिंग जोडली, चाल नियमित झाली आणि त्यानंतर खिशातल्या घड्याळांवर मिनिटकाटा सर्रास दिसू लागला.