चाकाने कुठे थांबायचं?

स्कूटर किंवा बाइक जवळ असेल तर तिचं हँडल एका बाजूला पूर्ण वळवा. 'टक्' असा आवाज येईल आणि हँडल थांबेल. आता वाकून बघा. हँडलचा दांडा जिथे चासीच्या नळीत शिरतो तिथे अंगठ्याच्या नखाएवढा एक लोखंडी कान दिसेल. 'टक्' करणारा तोच. तो नसता तर बाइकचं हँडल थेट टाकीवर आपटलं असतं, आणि मधे आपली बोटं असती.

असाच कान मोटारीतही असतो, फक्त लपलेला. मेकॅनिक त्याला स्टॉपर म्हणतात. स्टीअरिंग 'फुल लॉक'ला गेलं की चाकाने कुठे थांबायचं, हे तो ठरवतो. कारखान्यातून आलेली गाडी आयुष्यभर चालवली तरी त्याचं नाव घ्यायची वेळ येत नाही. पुढच्या चाकाला धरून ठेवणारे लोअर आर्म बदलून बाजारातले दुसरे बसवले, की मात्र हा अनोळखी गृहस्थ एकदम महत्त्वाचा होतो.

हे सगळं मनासारखं उघडं बघायचं तर पवईला जावं. आयआयटी मुंबईतला विद्यार्थ्यांचा रेसिंग संघ विजेवर धावणारी गाडी बनवतो आणि ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरवतो. अशा गाड्यांची चाकं उघडी, आर्म उघडे, टाय रॉडही उघडे. बॉनेट उचलून बॅटरी मारत बसावं लागत नाही. शिवाय इथे 'कंपनी फिटिंग' असं काही नसतं. आर्म विद्यार्थ्यांनीच आखायचे, त्यामुळे चाक कुठवर वळणार हेही त्यांनीच ठरवायचं.

स्पर्धेची नियमावली जाडजूड आहे, पण स्टीअरिंगच्या भागातलं एक वाक्य मला फार आवडतं. त्याचा मतलब असा: गाडीला पक्के स्टॉपर हवेत, टायर कुठल्याही आर्मला, बॉडीला किंवा फ्रेमला लागता कामा नये, आणि स्टीअरिंगची कडी उलटून अडकता कामा नये.

कडी उलटणं म्हणजे काय, ते मुंबईकराला सांगायला नको. जूनमधला वारा छत्रीत घुसतो, काड्या एका रेषेत येतात, आणि पुढच्या क्षणी छत्री फुलासारखी उलटी उमलते. रेषेच्या अलीकडे काड्या मिटता येत होत्या, पलीकडे त्या ओढून ऐकत नाहीत. स्टीअरिंगमध्येही तसंच आहे. स्टीअरिंग फिरवलं की आडवा सरकणारा दांडा, म्हणजे रॅक, टाय रॉड नावाच्या सळईला ढकलतो आणि टाय रॉड चाकाच्या छोट्या आर्मला वळवतो. चाक जास्तच वळलं तर टाय रॉड आणि तो छोटा आर्म जवळजवळ एका रेषेत येतात. रेष ओलांडली की स्टीअरिंग परत फिरवलं तरी चाक सरळ होत नाही. गाडी वळणात असताना हे झालं तर काय होईल, याची कल्पना न केलेली बरी.

असं उलटणं अडवणारा एक स्टॉपर आपल्या शरीरातही आहे. हात सरळ करा. कोपराच्या मागचं टोकदार हाड दंडाच्या हाडातल्या खळग्यात जाऊन बसतं आणि हात त्यापुढे उलटा वाकत नाही.

मग स्टॉपरने अडवण्याआधी चाक वळायला हवं तरी किती? या स्पर्धेत हेअरपिन वळणाचा बाहेरचा व्यास कमीत कमी ९ मीटर असतो आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर किमान १५२५ मिलिमीटर. डाव्या-उजव्या चाकांत १.२ मीटर धरले, तर ढोबळ हिशेबाने बाहेरचं चाक २१ अंश आणि आतलं २८ अंश वळायला हवं. दोन्ही चाकं एकाच केंद्राभोवती फिरतात, पण आतल्याचं वर्तुळ लहान, म्हणून ते जास्त वळतं. म्युनिकच्या लांकेन्स्परगर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने ही युक्ती काढली, लंडनमध्ये १८१८ साली तिचं पेटंट घेतलं ते रुडॉल्फ आकरमन यांनी, आणि जगभर नाव झालं आकरमनचं. बिचारा लांकेन्स्परगर!

तर भानगड होते ती या आतल्या चाकाची. गाडी डावीकडे वळली की डाव्या टायरची मागची कड आत येते आणि आर्मच्या मागच्या पायाकडे सरकते. कारखान्याच्या गाडीत त्याआधीच नकलवरची, म्हणजे चाक ज्यावर बसतं आणि ज्यासोबत वळतं त्या भागावरची, गाठ आर्मवर टेकेल अशी जागा केलेली असू शकते. नवा आर्म नळीचा, सुबक, हलका. पण त्यावर ती टेकायची जागाच नसेल तर गाठ हवेत जाते आणि टायर आर्मला घासतो. स्टीअरिंगला कुणी हातही लावलेला नसतो. बदलला फक्त आर्म.

आता गंमत बघा. रेसिंग गाडीत चाकाचा छोटा आर्म ६० मिलिमीटरचा असला, तर रॅक १ मिलिमीटर सरकल्यावर चाक जवळजवळ १ अंश वळतं. टायरची त्रिज्या २५ सेंटिमीटर धरली तर त्याची कड त्या १ अंशात ४ मिलिमीटरहून अधिक हलते. म्हणजे रॅकवर १ मिलिमीटर जाडीचा वॉशर वाढवला की टायर आर्मपासून ४ मिलिमीटर लांब राहतो. घासणं आणि सुटणं यांतला फरक एका वॉशरचा!

पण हा वॉशर अंदाजाने टाकायचा नाही. गाडी स्टँडवर घ्यायची, स्प्रिंग काढायची, म्हणजे चाक हाताने वरखाली करता येतं. चाक पार खाली लोंबकळत ठेवून स्टीअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. तेच चाक मध्यावर ठेवून, तेच पूर्ण वर दाबून. दर वेळी टायर आणि आर्म यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पट्टी सरकवून बघायची. जमिनीवर मोकळं फिरणारं चाक खड्ड्यातून वर उचललं गेल्यावर आर्म चाटतं, हे इथेच कळतं. ब्रेकचा होसपाइप ताणला जातोय का, तेही इथेच दिसतं.

स्टॉपर कुठे बसवावा, यावर मात्र दोन पक्ष आहेत. रॅकवर दोन अर्ध्या भागांची कॉलर कसली की काम सोपं. पण चाक फूटपाथच्या कडेला आदळलं तर तो धक्का टाय रॉडमधून जाऊनच थांबतो. नकलवर बोल्ट बसवला तर धक्का तिथल्या तिथे अडतो. पण ड्रायव्हर किंवा पॉवर स्टीअरिंग तरीही रेटत राहिलं तर टाय रॉडवरच ताण येतो. मला विचाराल तर नकलवरचा बोल्ट बरा: चेकनट ढिला करा, बोल्ट अर्धा आटा फिरवा, पुन्हा आवळा. जुन्या विलीज जीपच्या पुढच्या अॅक्सलवर असाच बोल्ट असायचा. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जोडलेल्या जीप याच घराण्यातल्या.

रेसच्या गाडीतली ही मोकळीक रस्त्यावरच्या गाडीला नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं, की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे आर्म बदलायची हौस असेल तर आधी आरटीओत चौकशी करा. आणि जुन्या आर्मच्या जागी नवा बसवून घेतलात, अगदी कंपनीचाच असला तरी, तर अलाइनमेंटचा कागद घेऊन लगेच निघू नका. गाडी लिफ्टवर असतानाच स्टीअरिंग दोन्हीकडे फुल लॉक करायला सांगा आणि टायर कुठे पोचतो ते स्वतः वाकून बघा.