पावसाआधीची तयारी : नर माशांचा विणीचा हंगाम आणि संप्रेरके

गोड्या पाण्यातील मासे पावसामुळे विणीला येतात, ही समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे. तिला आधारही आहे, कारण मृगाच्या सरी कोसळून ओढे-नाले वाहते झाले की चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्याकडे धाव घेतात आणि कोकणात हे मासे, म्हणजे वलगण, पकडण्याची लगबग त्याच दिवसांत सुरू होते. तथापि या दृश्यावरून पाऊसच माशाच्या शरीरात अंडी आणि शुक्राणू तयार करतो असा जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. पाऊस, नवे पाणी आणि पाण्याचे उतरलेले तापमान हे केवळ अखेरचे संकेत होत. ते मिळण्यापूर्वी कित्येक आठवडे, बहुधा काही महिने, माशाच्या शरीरात संप्रेरकांच्या नियंत्रणाखाली तयारी चाललेली असते आणि ती पूर्ण झालेली नसेल तर कितीही पाऊस पडला तरी मासा विणीला येत नाही. संप्रेरके म्हणजे एका ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवाचे काम चालवणारी किंवा थांबवणारी रसायने. उत्तर भारतातील शिंगी माशाच्या वार्षिक चक्राचे अभ्यासकांनी पाच टप्पे पाडले आहेत : नोव्हेंबर ते जानेवारी विश्रांती, फेब्रुवारी ते एप्रिल पूर्वतयारी, मे-जून विणीपूर्व काळ, जुलै-ऑगस्ट प्रत्यक्ष वीण आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उतरणीचा काळ. म्हणजे या माशाची तयारी सुरू होते ती वाढत्या दिवसाच्या आणि तापत्या पाण्याच्या काळात, पावसाचा मागमूसही नसताना.

याच कालक्रमामुळे दुसरा एक गैरसमजही टिकत नाही. मादीची गाभोळी डोळ्यांना दिसते, हाताला लागते, म्हणून हंगाम मादीलाच असतो आणि नर मात्र बारमाही सज्ज असतो, असे धरून चालण्याची सवय केवळ सामान्य वाचकालाच आहे असे नाही. प्रारंभीच्या संशोधनाचाही मोठा भाग अंडाशयाभोवतीच फिरला. प्रत्यक्षात हंगामी माशांमध्ये वृषण, म्हणजे शुक्राणू तयार करणारी ग्रंथी, वर्षभरात आपले रूप पार बदलते. विश्रांतीच्या काळात ती बारीक, दोऱ्यासारखी असते आणि तिच्यात प्रामुख्याने मूळ जननपेशीच आढळतात. विणीपूर्व काळात ती फुगते, पांढुरकी होते आणि शुक्राणूंनी भरते. माशाच्या वृषणाची रचनाही सस्तन प्राण्यांहून वेगळी आहे : येथे जननपेशींच्या प्रत्येक गटाभोवती सर्टोली नावाच्या पोषक पेशींचे आवरण असते, त्या बंदिस्त कोशात गटातील सर्व पेशी एकाच वेळी पुढे पुढे विकसित होतात, आणि प्रौढ माशातही सर्टोली पेशींची संख्या पुन्हा वाढू शकते. दरवर्षी वृषण जणू नव्याने उभारण्याची क्षमता या रचनेतूनच येते.

या उभारणीचे नियंत्रण मेंदूपासून सुरू होते. दिवसाची लांबी माशाला डोळ्यांवाटे कळते, तशीच कवटीखालील प्रकाशसंवेदी पिनियल ग्रंथीवाटेही कळते. जपानमधील मासू सामन माशात मेंदूच्या तळाशी असलेला सॅकस व्हॅस्क्युलोसस हा अवयवही ऋतू ओळखण्याचे काम करतो, असे २०१३ मध्ये दाखवण्यात आले. ही माहिती मेंदूच्या अधोथॅलॅमस या भागात एकवटते आणि तेथील चेतापेशी जीएनआरएच हे छोटे संप्रेरक सोडतात. सस्तन प्राण्यांत ते खास रक्तवाहिन्यांतून पीयूषिका ग्रंथीकडे जाते, तर अस्थिमत्स्यांत, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत, चेतापेशींचे तंतू थेट त्या ग्रंथीत जाऊन पोहोचतात. पीयूषिका ग्रंथी मग एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. त्यांपैकी एफएसएचचे कार्य साधारणतः शुक्राणुजननाच्या आरंभी महत्त्वाचे ठरते आणि एलएचची पातळी विणीच्या तोंडावर चढते, परंतु ही विभागणी काटेकोर नाही, कारण माशांत एफएसएच हे नरसंप्रेरके बनवणाऱ्या लायडिग पेशींनाही थेट चालना देऊ शकते. सस्तन प्राण्यांचे पाठ्यपुस्तकी चित्र जसेच्या तसे माशांना लावणाऱ्या लेखनात नेमकी हीच गोष्ट सुटते.

टेस्टोस्टेरॉन हे नराचे संप्रेरक, हे समीकरण तर इतके रुजले आहे की माशांच्या बाबतीतही ते गृहीतच धरले जाते. वस्तुस्थिती अशी की अनेक जातींमध्ये विणीच्या काळात मादीच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन नराइतके किंवा त्याहूनही अधिक असते, कारण मादीच्या शरीरात त्याच्यापासून इस्ट्रोजेन तयार व्हायचे असते. अस्थिमत्स्यांच्या नरात खरे प्रभावी संप्रेरक म्हणजे ११-कीटोटेस्टोस्टेरॉन. कॅनडात डेव्हिड इडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास सॉकाय सामन माशात ते ओळखले, आणि पुढे जपानी ईल माशाच्या वृषणाचे तुकडे प्रयोगशाळेत वाढवताना केवळ या संप्रेरकाच्या चालनेने शुक्राणुजनन घडवून आणता येते हेही सिद्ध झाले. त्याच माशात मूळ जननपेशींची संख्या टिकवण्याचे काम अल्प प्रमाणातील इस्ट्रोजेन करते, तेव्हा ते संप्रेरक केवळ मादीचे, ही समजूतही सोडून द्यावी लागते.

नरसंप्रेरक जितके जास्त तितके शुक्राणू जास्त, हा यापुढचा गैरसमज. युरोपातील तीन काट्यांचा स्टिकलबॅक हा लहानसा मासा त्याला चोख उत्तर देतो. वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी याचा नर लालबुंद होतो, आपली हद्द राखतो आणि पाणवनस्पतींच्या काड्या-तंतूंचे घरटे बांधतो. ते चिकटवण्यासाठी लागणारे स्पिगिन हे प्रथिन त्याच्या मूत्रपिंडात तयार होते आणि त्यासाठी ११-कीटोटेस्टोस्टेरॉन आवश्यक असते. परंतु या ऐन हंगामात, संप्रेरक शिखरावर असताना, त्याच्या वृषणात नवे शुक्राणू घडवण्याचे काम जवळजवळ थांबलेले असते. ते हंगाम सरल्यावर, नरसंप्रेरकाची पातळी खाली आल्यावर सुरू होते आणि तयार झालेले शुक्राणू पुढील वसंतासाठी साठवले जातात. एकच संप्रेरक रंग, वर्तन, घरटे आणि शुक्राणू या सर्वांना एकाच वेळी चालना देते, असे धरून चालता येत नाही, हे या लहान माशाइतके स्पष्टपणे फार थोडे प्राणी दाखवतात.

शुक्राणू तयार झाले म्हणजे नर फलनास समर्थ झाला असेही नाही. वृषणातील शुक्राणू प्रथम नलिकेत मोकळे व्हावे लागतात, शुक्रद्रव पातळ होऊन वाढावा लागतो आणि शुक्राणूंना हालचालीची क्षमता मिळावी लागते. सामन वर्गातील माशांत ही अखेरची कामे प्रोजेस्टेरॉनच्या कुळातील डीएचपी हे संप्रेरक करते. त्याच्यामुळे शुक्रनलिकेतील द्रवाचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप, वाढतो आणि शुक्राणू सक्षम होतात. तरीही शरीरात असेतो ते निश्चलच राहतात. ट्राउट माशात भोवतालचे पोटॅशियम कमी होताच आणि कार्प माशात क्षारांची एकूण तीव्रता घटताच, म्हणजे पाण्याचा स्पर्श होताच, ते पोहू लागतात, आणि ट्राउटमध्ये ही हालचाल जेमतेम अर्धा मिनिट टिकते. इतकी अल्प मुदत असल्यामुळे नर आणि मादी यांची वेळ अचूक जुळणे अपरिहार्य असते, आणि ती जुळवण्याचे कामही काही अंशी संप्रेरकेच करतात : गोल्डफिशची मादी अंडी सोडण्याच्या काही तास आधी डीएचपी पाण्यात सोडते, नराला त्याचा अत्यल्प अंशही वासाने कळतो, त्याचे एलएच चढते आणि वीण होईतो त्याचा शुक्रद्रव वाढलेला असतो.

मत्स्यबीज केंद्रांत वीण घडवण्यासाठी माशांना दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनाविषयीचे गैरसमज या पार्श्वभूमीवर तपासता येतात. भारतात कार्प माशांच्या अशा प्रेरित प्रजननाला यश आले ते १० जुलै १९५७ रोजी, ओडिशात, हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांच्या प्रयत्नांनी; त्या वेळी एका माशाची पीयूषिका ग्रंथी काढून तिचा अर्क दुसऱ्याला टोचला जाई. कार्पच्या मादीला सुमारे सहा तासांच्या अंतराने दोन मात्रा आणि नराला मादीच्या दुसऱ्या मात्रेच्या वेळी एकच लहान मात्रा देण्याची पद्धत या अर्काच्या वापरात रूढ झाली. नराला कमी मात्रा पुरते, कारण त्याच्या वृषणात शुक्राणू आधीच तयार असतात आणि शुक्रद्रव वाढवणे एवढेच साधायचे असते. म्हणूनच अनुभवी कर्मचारी सुई हाती घेण्यापूर्वी रोहू किंवा कटलाच्या नराच्या वक्षपरावरून, म्हणजे छातीजवळच्या परावरून, बोट फिरवून हंगामी खरखरीतपणा पाहतात आणि पोट हलके दाबून दुधाळ द्रव येतो की नाही हे तपासतात. अपक्व नराला इंजेक्शन देऊन उपयोग होत नाही. आज वापरली जाणारी औषधे जीएनआरएचचा कृत्रिम पर्याय आणि डोपामाइनला अडवणारे द्रव्य यांचे मिश्रण असतात, कारण कार्पमध्ये डोपामाइन हे मेंदूतील रसायन एलएचचा स्राव दाबून ठेवते. चीनचे लिन हाओरान आणि कॅनडाचे रिचर्ड पीटर यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत म्हणजे अडसर काढून माशाच्या स्वतःच्याच संप्रेरकाला वाट करून देणे होय.

बाजारातील रोहू-कटला हार्मोन टोचलेले असतात, ही भीतीही याच अपुऱ्या माहितीतून आली आहे. इंजेक्शन दिले जाते ते निवडक प्रजनक नर-माद्यांना. त्यांच्यापासून मिळालेले मत्स्यजिरे, म्हणजे इवली पिल्ले, बोटाएवढी बोटुकली होऊन तळ्यात वाढते आणि ताटात येणाऱ्या त्या माशाला स्वतःला असे इंजेक्शन कधीच दिलेले नसते. तिलापियाची सर्व पिल्ले नर व्हावीत म्हणून सुरुवातीचे काही आठवडे खाद्यातून मिथाइलटेस्टोस्टेरॉन देण्याची पद्धत अनेक देशांत आहे, पण ती लिंगनिश्चितीची वेगळी प्रक्रिया असून कार्पच्या हंगामी विणीशी तिचा संबंध नाही.