पुडी बंद करायच्या आधी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मी दोन-तीनदा अडखळलो होतो, तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय माझ्या एका मित्राचा आहे. त्याला विचारूनच बोलतोय, नाव मात्र घेणार नाही. गाव पौडच्या पुढे, नोकरी हिंजवडीत. (हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं हे तिथल्या निम्म्या इंजिनिअर लोकांना माहीत नसतं, असो.) आठ महिन्यांत त्याचं वजन १४ किलोंनी वाढलं. खाणं तेच, बाईकवरून येणं-जाणं तेच. ऑफिसात सगळे म्हणायचे, 'सुटलायस रे!' कोणी म्हणे भात सोड, कोणी म्हणे जिम लाव. मी तर त्याला कॅलरीची एक्सेल शीट करून दिली होती. तो बिचारा महिनाभर ती भरत होता, आणि वजन वाढतच होतं.

एका डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी केली. टीएसएच नॉर्मल. तसंही थायरॉइड कमी पडल्यामुळे वाढणारं वजन बहुतेक वेळा दोन ते पाच किलोच असतं, त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या पाण्या-मिठाचा. १४ किलोंचा हिशोब त्यात बसत नव्हता.

मला पहिल्यांदा शंका आली ती एका लग्नात. पंगतीतून उठताना त्याने माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला. माझ्याबरोबर घनगड चढलेला माणूस! मग नीट बघितलं. चेहरा गोल, मानेच्या मागे उंचवटा, पोट मोठं, पण हात-पाय काडीसारखे. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे. जरा कुठे आपटलं की काळं-निळं. नुसतं खाऊन वजन वाढलं तर मांड्यांतली ताकद अशी जात नाही.

या सगळ्याला मिळून कुशिंग सिंड्रोम म्हणतात. हार्वे कुशिंग या अमेरिकन न्यूरोसर्जनने १९३२ साली यावर लिहिलं, तेव्हा त्याच्यासमोर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतली गाठ होती. आज मात्र याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड.

मी त्याला विचारलं, 'कुठलं औषध घेतोस का?' तो म्हणाला, 'नाही रे.' डॉक्टरांनाही त्याने हेच सांगितलं होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता. दोन दिवसांनी त्याच्या घरी जेवायला गेलो. जेवण झाल्यावर काकूंनी डब्यातून कागदाच्या दोन पुड्या काढल्या, एक त्याला दिली, एक स्वतः घेतली. भातलावणीने गुडघे धरतात म्हणून त्यांनी कुणाकडून तरी आणलेल्या. त्याची पाठ दुखायची म्हणून तोही घ्यायला लागला. रोज, नऊ महिने. 'औषध कसलं, पावडर आहे ती,' काकू म्हणाल्या.

आता माझी चूक. रात्री मोबाईलवर वाचलं की अशा बिननावाच्या पावडरींमध्ये कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. सकाळी त्याला फोन केला, 'सगळ्या पुड्या फेकून दे.' त्याने फेकल्या. तिसऱ्या दिवशी उलट्या, पोटात कळा, उभं राहिलं की चक्कर. दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी फारच खाली गेलं होतं. मी पुडीबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी आधी रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिझोनचं इंजेक्शन आणि सलाईन सुरू केलं. संध्याकाळी तो उठून बसला आणि चहा मागितला. रिपोर्ट आला: कॉर्टिसॉल जवळपास नाहीच.

स्टेरॉइडचा अतिरेक झालेल्या माणसात कॉर्टिसॉल कमी कसं? कॉर्टिसॉल हे आपल्या शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, किडनीच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी ते बनवतात. किती बनवायचं याची ऑर्डर पिट्युटरी देते. बाहेरून रोज माल यायला लागला की पिट्युटरी म्हणते, पुरे, आणि ऑर्डर बंद. काही आठवड्यांतच ग्रंथी सुस्तावू शकतात, महिनोन्‌महिने गेले तर आकसतात. मग बाहेरचा पुरवठा एकदम तोडला तर आतून काहीच निघत नाही. बॅकअप न तपासता मेन सर्व्हर बंद केल्यासारखं, आणि तो मी केला होता.

फक्त पुडीच नाही. मुळशीच्या पावसात ओल्या कपड्यांनी गजकर्ण होतं, आणि मेडिकलमधून आणलेल्या मिक्स क्रीममध्ये बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड असतं. खाज लगेच थांबते, बुरशी पसरत राहते, आणि मोठ्या भागावर महिनोन्‌महिने लावलं तर ते रक्तातही उतरतं. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी मिळतात, हे तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हा तुमच्या मित्राचं असं काही दिसलं तर 'औषध घेतोस का' एवढ्यावर थांबू नका. पोटात काय जातं, अंगाला काय लावतोस, इंजेक्शन कधी घेतलंस, दम्याचा पंप आहे का, सगळं विचारा. पुड्या, ट्यूब, बाटल्या पिशवीत भरून त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. वर्षभरापूर्वीचा फोटोही दाखवा, चेहऱ्यातला फरक डॉक्टरांना चटकन कळतो. आणि काहीही स्वतःच्या मनाने बंद करायला लावू नका. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही वजन वाढतं, तिथेही हेच. नेहमीचं काही बंद झालंय आणि उलट्या, चक्कर सुरू झालीये, तर सरळ १०८ लावा.

डॉक्टरांनी पुढे विचारलं, 'घरात अजून कोण घेतं?' मला हे सुचलंच नव्हतं. काकूंनाही तपासलं. आता दोघांच्या गोळ्या हार्मोनच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी होतायत. ताप आला तर डोस वाढवायचा, अशी चिठ्ठी त्याच्या पाकिटात असते. सहा किलो उतरलेत. एक्सेल शीट मी डिलीट केली. गेल्या रविवारी तो जमिनीवरून उठताना एक हात टेकला, आधी दोन लागायचे. काकूंचे गुडघे मात्र दुखतात, आणि लावणी जवळ आली की त्या अजून विचारतात, 'ती पुडी खरंच वाईट होती का रे?'