ऐकू येतं, पण कळत नाही

वयानुसार कान मंदावला की घरातली माणसं आवाज चढवतात. त्यावर आजोबांची तक्रार ठरलेली असते: ‘ओरडू नकोस, ऐकू येतंय, पण काय म्हणतोस ते कळत नाही.’ साताऱ्यात, सांगलीत, कुठल्याही घरात ऐकू येणारी ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. आतल्या कानातल्या केसपेशी झिजतात, त्याही बहुधा उंच आवाज टिपणाऱ्या आधी. स्वर पोचतात, पण स, त, थ, फ यांची बारीक सळसळ हरवते. ‘साठ’चं ‘आठ’ होतं.

शिवाय हळू आवाज न टिपणाऱ्या याच कानाला मोठा आवाज इतरांइतकाच मोठा वाटतो. म्हणून सगळंच सरसकट वाढवणारं यंत्र शेवटी कपाटात पडून राहतं.

१९९६च्या सुमारास पूर्ण डिजिटल श्रवणयंत्रं बाजारात आली. त्यांत आवाजाचे आकडे होतात आणि वारंवारतेनुसार त्यांचे पट्टे पाडले जातात. मग ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, पाहून प्रत्येक पट्ट्यात हळू आवाजाला जास्त आणि मोठ्या आवाजाला कमी वाढ दिली जाते; यालाच कॉम्प्रेशन म्हणतात.

असं यंत्र हातात येण्याआधी ते संगणकावर उभं करून पाहता येतं. आयआयटी मुंबईत प्रा. पी. सी. पांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. झिजलेल्या कानात शेजारशेजारचे पट्टे एकमेकांना झाकून टाकतात. त्यावर पांडे आणि डी. एस. चौधरी यांनी १९९८मध्ये मांडलेला उपाय असा: आवाजाचे १८ पट्टे करायचे आणि एकाआड एक पट्टे डाव्या व उजव्या कानात सोडायचे. जोडणी मेंदू करतो. या संशोधनात चांगल्या कानाच्या श्रोत्यांना गोंगाट मिसळलेली अर्थहीन अक्षरं ऐकवून श्रवणदोषाची नक्कलही केली गेली. अक्षरं अर्थहीन, कारण अर्थ असला की माणूस अंदाजानं ओळखतो.

पुढे नित्या तिवारी यांच्यासह पांडे यांनी कॉम्प्रेशनसाठी ‘सरकत्या पट्ट्या’ची रीत विकसित केली. पट्ट्यांच्या सीमा ठरलेल्या असल्या, की बोलताना बदलणारा ध्वनी सीमा ओलांडतो आणि आवाज विकृत होतो. सरकत्या पट्ट्यात ती सीमाच उरत नाही. ही रीत स्मार्टफोनच्या अ‍ॅपवरही उतरली. तिथे मुख्य अट वेळेची: ओठ हलणं आणि शब्द ऐकू येणं यांत फट पडता कामा नये.

बोलण्याचा प्रश्न सुटला तरी गाण्याचा उरतोच, आणि सांगली जिल्ह्यात हा प्रश्न थेट मिरजेला जाऊन भिडतो. इथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीला नेमकी गोलाई देऊन कारागीर जवारी काढतो. ही गोलाई आणि तारेखालचा दोरा यांमुळे वरचे उपस्वर सतत उमलत राहतात. मंदावलेल्या कानाला आधी मुकावं लागतं ते याच उपस्वरांना. यंत्राचीही इथे फसगत होते: यंत्राची स्वतःची शिट्टी दाबणारी त्यातली यंत्रणा तंबोऱ्याच्या अखंड सुरालाच शिट्टी समजू शकते, आणि बोलण्यासाठी बेतलेलं कॉम्प्रेशन गायकाच्या आवाजातले चढउतार सपाट करतं.

यासाठी अनेक यंत्रांत संगीताचा वेगळा प्रोग्राम असतो. त्यात गोंगाट कमी करणारी यंत्रणा बंद, शिट्टी रोखणारी मंद आणि कॉम्प्रेशन सौम्य ठेवतात. मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसातली गायनसभा न चुकवणाऱ्या श्रोत्यानं ऑडिओलॉजिस्टला आपली ही आवड पहिल्याच भेटीत सांगावी आणि यंत्र जुळवून घेताना तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग सोबत न्यावं.