खडकाळ उतारासाठी सायकल निवडताना

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स या गावाजवळ एक कच्चा डोंगररस्ता आहे. जेमतेम साडेतीन किलोमीटरमध्ये तो सुमारे 400 मीटर खाली उतरतो. 1976 च्या ऑक्टोबरमध्ये काही हौशी तरुणांनी तिथे जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन उतारावरची शर्यत सुरू केली. पेडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या हबमध्ये लागणारा ब्रेक, एवढाच त्यांचा आधार. खाली पोहोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि पुढच्या फेरीआधी नवे ग्रीस भरावे लागायचे. त्यावरूनच या रस्त्याला ‘रिपॅक’ म्हणजे ‘पुन्हा भरा’ असे नाव पडले. माउंटन बाइकच्या जन्मकथेत या रस्त्याला मानाचे स्थान आहे.

यामागचे विज्ञान शाळेत शिकवले जाते तेवढेच आहे. सायकल आणि स्वार मिळून 90 किलो वजन 400 मीटर खाली आले, की सुमारे 350 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवण्यास ती पुरेशी आहे. काही ऊर्जा हवेच्या आणि टायरच्या घर्षणात जाते. उरलेली ब्रेकना पचवावी लागते.

पुण्या-लोणावळ्याच्या परिसरात डोंगरवाटांवर सायकल चालवणाऱ्यांनाही हाच प्रश्न भेडसावतो. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट खडक, त्यावरचे सुटे गोटे, घसारा आणि पावसाळ्यात शेवाळ अशी ही वाट. मात्र सायकल घेताना दुकानात पहिला प्रश्न असतो तो गिअर किती, हा. उतारावर गिअरचा उपयोग सर्वांत कमी. हाड मोडणार की नाही, हे ठरते ते ब्रेक, सांगाडा आणि टायर यांवर.

आधी ब्रेक

लांब उतारासाठी हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवेत. त्यात तारेऐवजी तेलाचा दाब काम करतो, त्यामुळे एका बोटाने ब्रेक दाबता येतो आणि बाकीची बोटे हँडल घट्ट धरू शकतात. डिस्कचा व्यासही महत्त्वाचा. 160 मिलिमीटरऐवजी 203 मिलिमीटरची डिस्क असेल, तर तेवढ्याच जोरात पाव पटीने अधिक रोधक बल मिळते आणि मोठी डिस्क उष्णताही लवकर बाहेर टाकते. भारतात पुढचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो. काही देशांत तो डावीकडे असतो. बाहेरून आणलेली किंवा जुनी सायकल घेताना हे तपासावे. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला गेला, तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. मनगट, गळपट्टीचे हाड आणि डोके यांना इजा होते ती अशा पडण्यातून.

सांगाड्याचा कोन

पुढचा फोर्क ज्या नळीत बसतो, तिचा जमिनीशी असलेला कोन म्हणजे हेड अँगल. हलक्या, चढाला सोप्या सायकलींत तो 68 ते 70 अंशांच्या आसपास असतो. उतारासाठी बनवलेल्या सायकलींत 63 ते 65. फरक किरकोळ वाटतो, पण 15 अंशांच्या उतारावर सायकल पुढे झुकली, की 70 अंशांचा फोर्क 85 अंशांवर, म्हणजे जवळजवळ उभा होतो. मग पुढचे चाक दगडाला अडले की तोल जायला वेळ लागत नाही. कोन कमी असला, की पुढचे चाक स्वाराच्या बरेच पुढे राहते. त्याच्या जोडीला बटण दाबून खाली सरकणारी सीट, म्हणजे ड्रॉपर पोस्ट असेल, तर शरीर खाली व मागे नेता येते.

टायर आणि सस्पेन्शन

चाक मोठे, तेवढे ते दगडावरून सहज जाते. म्हणून 29 इंची चाकांना खडकाळ वाटेवर पसंती मिळते. मात्र उंची कमी असेल, तर तीव्र उतारावर मागे सरकताना मागचे चाक शरीराला घासू शकते. अशांना 27.5 इंची चाक सोयीचे. टायर साधारण 2.4 इंच रुंद आणि ट्यूबलेस असावा. त्यात 20 ते 28 पीएसआय हवा पुरते, म्हणजे मोटारीच्या टायरपेक्षाही कमी. हवा जास्त झाली तर टायर दगडावरून उसळतो, फार कमी झाली तर रिम ठेचली जाते. आतले सीलंट बाभळीच्या काट्यांवरही उपयोगी पडते.

सस्पेन्शनबाबत सर्वाधिक फसगत होते. नुसती स्प्रिंग धक्का घेते आणि लगेच परत फेकते. हा धक्का जिरवण्याचे काम आतले तेल करते. त्याला डॅम्पिंग म्हणतात. स्वस्तातल्या सायकलींत ते बहुधा नसते. शर्यतीच्या डाउनहिल सायकलींना 200 मिलिमीटरपर्यंत सस्पेन्शन असते, पण त्या जड असतात आणि रोपवेने किंवा गाडीने वर नेण्यासाठीच योग्य. सह्याद्रीत वरही स्वतःच चढायचे असल्याने 140 ते 160 मिलिमीटरची सायकल पुरेशी ठरते. खिसा लहान असेल, तर पुढे-मागे दिखाऊ स्प्रिंग असलेल्या सायकलीपेक्षा फक्त पुढे चांगला फोर्क आणि चांगले ब्रेक असलेली सायकल केव्हाही सुरक्षित.

अनेक सायकलींच्या सांगाड्यावर 1 ते 5 असा वापराचा वर्ग लिहिलेला असतो. 1 म्हणजे डांबरी रस्ता. 3 म्हणजे खडबडीत वाट आणि 61 सेंटिमीटरपर्यंतची उडी. 4 मध्ये ही मर्यादा 122 सेंटिमीटर. खडकाळ उतारासाठी किमान 3, शक्यतो 4 हवा. हे लेबल किंमत विचारण्याआधी वाचावे.

हातांचे ऐका

दगडांवरचे हादरे हँडलमधून थेट तळहातात येतात. तळहाताच्या करंगळीकडील बाजूने अल्नर ही नस जाते. ती सतत दाबली गेली, की करंगळी आणि अनामिका बधिर होतात. हँडलची उंची, ब्रेकचा कोन आणि टायरमधली हवा बदलून अनेकदा आराम पडतो. बधिरपणा टिकला किंवा पकड सैल वाटू लागली, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

उरलेला पैसा रंगावर वा जादा गिअरवर न घालता हनुवटी झाकणारे हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड यांवर खर्च करावा. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे. आतला फोम एकदाच धक्का झेलण्यासाठी असतो. डोक्याला मार लागल्यावर मळमळ, गोंधळ किंवा गुंगी जाणवली, तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.