कोंबडीतली चरबी : दोष वाणाचा की फोडणीचा?

रविवारी सकाळी चिकनच्या दुकानापुढे उभे राहिले की एक प्रश्न हमखास कानावर येतो, "गावरान आहे का?" हृदयविकाराचे निदान झालेले एक गृहस्थ नुकतेच दवाखान्यात सांगत होते, "डॉक्टरसाहेब, ब्रॉयलर कायमचे बंद केले. चरबी नको म्हणून दुप्पट पैसे मोजून गावरानच आणतो." रस्सा कसा करता, असे विचारताच त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "वर तर्री दिसल्याशिवाय यांना घास उतरत नाही!"

वाचकहो, कोंबडीच्या अंगावर चरबी किती धरायची हे बऱ्याच अंशी तिच्या वाणावर, म्हणजे आई-बापाकडून आलेल्या जनुकांवर ठरते. फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी एकाच मूळ कळपातून पोटात जास्त चरबी धरणाऱ्या आणि कमी चरबी धरणाऱ्या अशा दोन वेगळ्या पिढ्या वाढवल्या. काही पिढ्यांनंतर दोन्हींचे वजन जवळपास सारखे, पण पोटातल्या चरबीत मात्र कित्येक पटींचा फरक! अर्थात खाद्य, वय आणि हालचाल यांचाही वाटा असतोच. अंड्यावर आलेली कोंबडी, मग ती गावरान का असेना, पोटात चरबी साठवते.

इंजेक्शनचा गैरसमज

ब्रॉयलर हार्मोनच्या इंजेक्शनने फुगवतात, असा समज घरोघरी आहे. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने 1957, 1978 आणि 2005 सालचे वाण एकाच खाद्यावर, एकाच पद्धतीने वाढवून पाहिले. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 56 दिवसांनी त्यांची वजने अनुक्रमे सुमारे 900 ग्रॅम, 1800 ग्रॅम आणि 4200 ग्रॅम भरली. हा फरक पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा आहे, सुईचा नव्हे.

जास्तीची चरबी म्हणजे वाया गेलेले खाद्य, म्हणून पैदासकारांनी चरबी कमी करण्याकडेही लक्ष दिले. मात्र झपाट्याने वाढणाऱ्या वजनदार पक्ष्यांच्या छातीच्या मांसावर कधी कधी पांढऱ्या रेघा दिसतात. तेथे स्नायूंची जागा चरबीने घेतलेली असते. असे मांस विषारी नसते, पण त्यात चरबी थोडी अधिक आणि प्रथिने थोडी कमी असतात.

पिवळी आणि काळी

पिवळी कातडी म्हणजे जास्त चरबी, हेही खरे नाही. पिवळेपणा मक्यासारख्या खाद्यातील रंगद्रव्यांचा असतो आणि तो कातडीत साठवण्याचे जनुक आपल्या सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखाडी रानकोंबड्याकडून आल्याचे 2008 साली दिसून आले.

झाबुआच्या कडकनाथला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे काळे मांस ही जनुकांचीच करामत. तो सावकाश वाढतो, मांस घट्ट असते आणि चरबी कमी असते. पण त्याची सोललेली छाती आणि ब्रॉयलरची कातडीसकट तंगडी यांची तुलना करणे न्याय्य नव्हे. तो औषध तर नव्हेच.

ताटात काय करावे?

ब्रॉयलरच्या 100 ग्रॅम कच्च्या छातीच्या मांसात कातडी काढल्यावर चरबी साधारण 2 ते 3 ग्रॅम असते. कातडीसकट तीच सुमारे 9 ग्रॅम होते. आणि एक मोठा चमचा तेल म्हणजे जवळजवळ 14 ग्रॅम चरबी! म्हणजे वाण बदलून जे वाचवले, ते फोडणीत दुपटीने परत आले.

म्हणून कातडी आणि पोटातली चरबी दुकानातच काढून घ्यावी. तेल मोजून घालावे. सुके खोबरे बेताने वापरावे. तर्री वरून काढून टाकावी. कोलेस्टेरॉल मांसातही असतेच, तेव्हा कातडी काढली म्हणून दुप्पट खाऊ नये. कलेजी हृदयरोग्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले, "कोंबडी कोणतीही आणा, पण तेलाची किटली वहिनींच्या नव्हे, मोजमापाच्या ताब्यात द्या." गावरानची चव आवडत असेल तर जरूर खावी, मात्र ती चवीसाठी. कोंबडीचा वाण आपल्या हाती नसतो, फोडणीचा चमचा मात्र नक्कीच असतो.