दाब हातात जास्त, पायात कमी!

बागेतल्या रबरी नळीवर पाय ठेवला तर काय होते? पायाच्या अलीकडे, म्हणजे तोटीच्या बाजूला, नळी तटतटते आणि पलीकडे धार मंदावते. काही बालकांच्या महारोहिणीत जन्मतःच असा अडथळा असतो.

हृदयाच्या डाव्या जवनिकेतून निघालेली महारोहिणी कमानीसारखी वळून खाली उतरते. डोके आणि हात यांच्याकडे जाणाऱ्या शाखा या कमानीतून फुटतात. डाव्या हाताची शाखा फुटल्यावर थोड्याच अंतरावर महारोहिणी चिमटल्यासारखी अरुंद असते, हाच तो दोष.

जागा कळली की निदानाची वाटही सापडते. निरोगी माणसाच्या पायातील वरचा रक्तदाब हाताइतका किंवा थोडा अधिकच असतो. समजा, एखाद्या मुलाच्या उजव्या दंडात तो १४० आणि पायात ९५ मिलिमीटर पारा भरला, तर डॉक्टर सावध होतात. जांघेतील नाडी क्षीण असते आणि मनगटातील ठोक्यानंतर किंचित उशिरा लागते. मोठ्या मुलांच्या क्ष-किरण चित्रात बरगड्यांच्या खालच्या कडेला खाचा दिसू शकतात. मुख्य वाट अडल्यामुळे रक्त बरगड्यांलगतच्या रोहिण्यांतून जाते. त्या रुंदावतात आणि हाड झिजवतात.

अडथळा किती मोठा, हे श्राव्यातीत ध्वनी सांगतो. वाहत्या रक्तपेशींवरून परतलेल्या ध्वनीची कंप्रता बदललेली असते. हा डॉपलर परिणाम. त्यावरून रक्ताचा वेग कळतो. सेकंदाला किती मीटर, त्या आकड्याचा वर्ग करून चारने गुणा. बर्नुलीच्या नियमानुसार दाबातील फरक मिलिमीटर पाऱ्यात मिळतो. वेग ३ असेल तर फरक सुमारे ३६!

१९४४ साली स्टॉकहोम येथे क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी एका बारा वर्षांच्या मुलाच्या महारोहिणीचा अरुंद तुकडा कापून दोन्ही टोके शिवली. पुढे मांडीतील रोहिणीतून बारीक नळी सरकवून फुग्याने अरुंद जागा रुंद करणे, तेथे धातूच्या जाळीची नळी बसवणे, हेही शक्य झाले.

नवजात बालकात मात्र घाई असते. गर्भावस्थेत फुप्फुसरोहिणी आणि महारोहिणी यांना जोडणारी एक वाहिनी जन्मानंतर काही दिवसांत बंद होते. दोष तीव्र असल्यास शरीराच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा त्यामुळे कोलमडतो. प्रोस्टाग्लँडिन हे औषध देऊन ती वाहिनी शस्त्रक्रियेपर्यंत उघडी ठेवतात.

सौम्य दोष असलेल्या मुलाला वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही; वाढलेला दाब मात्र हृदय व मेंदू यांना इजा करत राहतो. उपचारानंतरही तो पुन्हा वाढू शकतो, म्हणून तपासणी जन्मभर हवी. आणि लहान मुलाच्या हातात रक्तदाब जास्त भरला, तर पायातलाही मोजायलाच हवा!